परदेशी राहायची परवानगी



परमपूज्य बाबासाहेबांच्या एका छोट्या पुस्तिकेचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. 1935-36 च्या सुमारास लिहिलेल्या या आठवणी 1990 मध्ये छापून निघाल्या. विहारात तिचे वाचन झाले, तेव्हा नावावरून आम्हाला वाटले की विलायतेच्या प्रवासाची हकीकत असेल. निघाली आपल्याच देशातली. न्यूयॉर्क, लंडन पाहून आलेल्या माणसाला बडोद्यात नोकरी होती, पण राहायला खोली मिळेना. पारशी सराईत कसेबसे दिवस काढले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात उभे!

आमची मुलगी सप्टेंबर 2025 मध्ये राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एक वर्षाच्या एम.ए.ला गेली. आम्ही उभयता जिनिंगमध्ये कामाला. व्हिसा हा शब्द आम्ही फक्त ऐकून होतो. शहरातल्या एका दलालाने दोन लाख सांगितले, म्हणजे शेत विकावे लागले असते. मुलगी म्हणाली, "बाबा, अर्ज तर मलाच भरायचा आहे ना?" आणि तिने तो भरला.

विद्यापीठाकडून आधी एक क्रमांक येतो, त्याशिवाय अर्जच होत नाही. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याला ठरावीक रक्कम सलग 28 दिवस बँकेत दाखवावी लागते. एवढी रक्कम आपल्या किती घरांत असते? सरकारी शिष्यवृत्तीवाल्याचे काम मात्र सरकारच्या पत्रावर भागते. त्यामुळे ते पत्र आम्ही सोन्यासारखे जपले. क्षयरोगाची तपासणी त्यांनी नेमून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते. आरोग्याचा आकार वर्षाला 776 पौंड. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून एका वर्षाच्या शिक्षणाला 1164 पौंड एकदम भरावे लागले. त्यासाठी बचत गटातल्या आयाबहिणी धावून आल्या.

खरा घोळ नावाचा झाला. कुठे आईच्या नावापुढे 'बाई', कुठे नाही. वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरे. ज्यांची लेकरे आज दहावीला आहेत, त्यांनी एवढे एक काम आताच उरकून घ्यावे.

मलकापूरहून रेल्वेने मुंबईला जाऊन ठसे दिले. व्हिसा मंजूर झाला, पण पासपोर्ट कोराच! आजी म्हणाली, "फसवलं पोरीला." पण 15 जुलै 2025 पासून अशा विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर चिकटपट्टी लावतच नाहीत, परवानगी त्यांच्या खात्यात संगणकावर असते. पूर्वी तिथे राहण्याचे एक कार्ड मिळे, तेही 2024 अखेर बंद झाले. आजीला हे अजून पटलेले नाही, आणि कागदावर आयुष्य काढलेल्या माणसाला ते पटावे तरी कसे!

आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही. तिचा परवाना 2027 च्या सुरुवातीला संपतो. शिक्षण झाल्यावर तिथे राहून नोकरी करायची, तर तो संपण्याआधी तिथूनच अर्ज करावा लागतो. तो अर्ज 2026 संपण्याआधी गेला तर दोन वर्षे मिळतात, 1 जानेवारी 2027 पासून दीडच वर्ष. विद्यापीठाचा निकाल कधी लागतो, यावर सगळे अडले आहे. ती परत यावी असे तिच्या आईला वाटते. फोनवर मात्र त्या दोघी फक्त निकालाचे बोलतात.

बाबासाहेबांची शिष्यवृत्तीची मुदत 1917 मध्ये संपली आणि शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने परत येण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली, म्हणून ते 1920 मध्ये पुन्हा जाऊ शकले.

आता वस्तीतला एक मुलगा जर्मनीला जायचे म्हणतो. तिथली तऱ्हा निराळी. वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवायचे, नाहीतर शिष्यवृत्तीचे पत्र. आधी व्हिसा घेऊन पोहोचायचे, घराचा पत्ता नोंदवायचा आणि मग तिथल्या परदेशी लोकांच्या कचेरीतून राहण्याचा परवाना काढायचा. त्याची कागदांची पिशवी सध्या आमच्याच घरी आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचे आडनाव एका अक्षराने चुकले आहे. सोमवारी त्याला घेऊन तहसीलला जायचे आहे.