उत्तर बरोबर, गुण शून्य

लेकीच्या अकरावीच्या पेपरवरची ती लाल फुली आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

प्रश्न साधा होता. टॅन (२एक्स − ६०°) या फलनाचे सगळे असिम्प्टोट लिहा. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस. कॉस शून्य झाला की आलेख एका बाजूने आभाळात, दुसऱ्या बाजूने पाताळात जातो आणि मधल्या उभ्या रेषेला कधीच भेटत नाही. लेकीने २एक्स − ६०° = ९०° + १८०°·एन असं मांडून उत्तर काढलं: एक्स = ७५° + ९०°·एन, एन कोणताही पूर्णांक. उत्तरसूचीत होतं, एक्स = −१५° + ९०°·एन. म्हणून शून्य!

भिलाईत गुणांना किती वजन, ते काय सांगायचं. टाउनशिपमधली पोरं दहावी झाली की आयआयटीच्या मागे लागतात. २०१६ साली तर भिलाईच्या नावाने आयआयटीच निघाली. लेक म्हणत होती, "आई, जाऊ दे ना." मी शाळा गाठली.

सर म्हणाले, "मैडम, की में तो माइनस पंद्रह है." मी तिथेच कागदावर दोन ओळी लिहिल्या. लेकीच्या सूत्रात एन −१, ० आणि १ घेतला: −१५°, ७५°, १६५°. सूचीच्या सूत्रात ०, १ आणि २ घेतला: −१५°, ७५°, १६५°. रस्त्यावरचे विजेचे खांब कुणी पहिल्यापासून मोजले, कुणी दुसऱ्यापासून, म्हणून खांब बदलतात का? सर बराच वेळ त्या ओळींकडे बघत होते. मग म्हणाले, "हाँ, सेम ही है." मला वाटलं, झालं काम. तर पुढचं वाक्य, "लेकिन मार्क्स तो चढ़ गए हैं."

त्यांना पटलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पटूनही फुली तशीच राहिली, हे मला अजून डाचतं.

सूचीकडे बघून तपासलं की मुलंही सूचीसारखीच शिकतात. 'छेद शून्य, म्हणजे असिम्प्टोट' एवढं घोकलेलं मूल साइन २एक्स भागिले कॉस एक्स यालाही ९०° वर रेषा ओढून मोकळं होतं. तिथे कॉस कटतो, उरतं २ साइन एक्स. आलेखात उंची २ वर नुसतं एक भोक, रेषा नाहीच. आणि दोन उत्तरं वेगळी दिसली तर आधी त्यांची वजाबाकी करावी. दोन्हींत एनसोबत ९०°च असेल आणि फरकही ९०°च्या पटीत आला, तर उत्तर एकच. ७५ मधून −१५ वजा करायला कितीसा वेळ लागतो?

आता धाकटा अकरावीत आहे. परवा त्याला मीच म्हणाले, "सर फळ्यावर लिहितात ना, अगदी तसंच लिही बाबा." त्याने विचारलं, "मग ताईचं चुकलं होतं का?" नव्हतं चुकलं, तसं मी सांगितलंही. तरी म्हटलं, तू सरांसारखंच लिही.