गुलाबी पंखांचे दोन पतंग

गेल्या श्रावणात आंबोलीला, अमावास्येच्या आदल्या रात्री पाऊस तासभर खळला असता, पाऱ्याच्या दिव्याशेजारी ताणलेल्या पांढऱ्या कापडावर एक मध्यम आकाराचा हॉक मॉथ येऊन बसला, आणि त्याने पंख उचलताच मागच्या पंखांची गुलाबी छटा दिसताक्षणी मी सवयीने ‘हिपोटिऑन रोझेटा’ असे सांगून मोकळा झालो. नोंदवही धरलेल्या विद्यार्थिनीने लेखणी थांबवून विचारले, "सर, बोअरहावी कशावरून नाही?"

दिसायला सारख्या या दोन जाती वेगळ्या ओळखण्याच्या या एका प्रश्नाशी मी तीस वर्षे झुंजत आलो आहे. बोअरहावीचे नामकरण फाब्रिसियसने १७७५ मध्ये केले. रोझेटाचे १८९२ मध्ये कर्नल स्विन्हो यांनी, म्हणजे १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठांपैकी एकाने. पहिल्याच्या नावात आपली घेटुळी, अर्थात पुनर्नवा, आहे खरी; परंतु दिव्यावर आलेला पतंग आपण कोणत्या पाल्यावर वाढलो याचा दाखला देत नाही. रंगछटा आणि तिरप्या रेषा यांवर भिस्त ठेवावी, तर चार पावसाळी रात्री उडून खवले झडलेल्या जिवाच्या अंगावर त्या धड उरलेल्या नसतात. खातरजमा करायची ती पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडूनच.

हल्ली छायाचित्रावरून क्षणात जातीचे नाव ठोकून देणारे पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांचा मला मनस्वी राग येतो. कारवारला राहून अळ्या पाळणाऱ्या आणि १९३७ मध्ये स्कॉट यांच्यासह हॉक मॉथांवरील ग्रंथ सिद्ध करणाऱ्या बेलसाहेबांची चिकाटी आज कोणापाशी आहे, असे मी भर सभेत विचारलेले आहे.

मात्र त्या रात्रीचा नमुना घरी मेजावर घेतला, तेव्हा गेले वर्षभर थरथरणाऱ्या माझ्या उजव्या हातातील चिमट्याने नेमका हवा तोच भाग फाडला. मग जुने दफ्तर काढून बसलो. रोझेटाच्या एकेचाळीस नोंदींपैकी विच्छेदन केवळ चारांचे होते. उरलेल्या सदतीस मी नजरेने ठरवल्या होत्या, कारण माझ्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही हे मला ठाऊक होते आणि ते मला आवडत होते.

आता चिमटा त्या विद्यार्थिनीच्या हाती दिला आहे. त्या सदतीस नोंदींवरील ‘रोझेटा’ मी खोडले असून, प्रत्येकीपुढे ‘हिपोटिऑन, जाती अनिश्चित’ असा शेरा तारखेसह लिहिला आहे.