नाही म्हणणारा डेटाबेस

डेटाबेसने मुकाट काम करावं, असं माझं बरीच वर्षं मत होतं. दिलेली माहिती ठेवावी, मागितली की परत द्यावी. ती तपासायची आपल्या कोडने. त्यामुळे नव्या डेव्हलपरांना मी बिनदिक्कत मायएसक्यूएल सुचवायचो. आज तोच प्रश्न कुणी विचारला तर मी पोस्टग्रेस सांगतो. हा बदल का झाला ते मोकळेपणाने मांडावंसं वाटतं, कारण माझं जुनं मत आजही अनेकांचं आहे.

त्या मताला तेव्हा आधार होता. स्वस्तातल्या होस्टिंगवरही पीएचपीच्या जोडीला मायएसक्यूएल तयार मिळायचा. पोस्टग्रेस जुना खरा, त्याचं मूळ बर्कलीच्या विद्यापीठात, मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली सुरू केलेल्या प्रकल्पात. पण विंडोजवर तो थेट चालू लागला 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून, आणि स्ट्रीमिंग रेप्लिकेशन त्यात आलं 2010 साली. घाईच्या कामाला मायएसक्यूएलच सोयीचा होता.

माझं मत हललं ते मायएसक्यूएलच्या सोशिकपणामुळे. जुन्या आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये 20 अक्षरांच्या कॉलमात 30 अक्षरांचं नाव घातलं, तर उरलेलं छाटून तो ते ठेवून द्यायचा आणि फक्त वॉर्निंग द्यायचा. ती वॉर्निंग बहुतेकांचा कोड वाचतच नसे. मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन1 होता. तो तसाच राहिला तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. ‘चेक’ची अट तर 2019 च्या 8.0.16 पर्यंत वाचून सोडून दिली जाई. वय शून्याहून जास्त हवं असं टेबलात लिहिलं, तरी उणे वय आत जायचं. हे सगळं मॅन्युअलमध्ये नोंदलेलं होतं. पण छाटलेलं आडनाव किंवा प्रश्नचिन्ह झालेलं गाव मागाहून परत मिळवता येत नाही. पोस्टग्रेस अशा वेळी एरर देतो आणि ती ओळ घेतच नाही.

तपासणी कोडने करावी, हे म्हणणं एकच प्रोग्रॅम टेबलात लिहितो तोवर ठीक आहे. पुढे त्याच टेबलात मोबाइल ॲप लिहितं, रात्रीची इम्पोर्ट स्क्रिप्ट लिहिते, कुणी अडचणीच्या वेळी हाताने अपडेट चालवतं. कोड काही वर्षांनी नव्याने लिहिला जातो, माहिती मात्र तीच पुढे चालते. म्हणून नियम माहितीजवळच हवा, असं मला आता वाटतं.

मायएसक्यूएलही सुधारला. 2015 च्या 5.7 पासून तो मुळातच कडक आहे, 2018 च्या 8.0 पासून मूळ कॅरॅक्टर सेटही योग्य आहे. तरी पोस्टग्रेस पुढेच आहे. एकाच खोलीची दोन बुकिंग एकमेकांवर येता कामा नयेत, हा नियम त्यात एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावून थेट टेबलावर बसवता येतो. टेबलांची रचना बदलणारं मायग्रेशन मध्येच फसलं, तर साधारणपणे ते सगळंच मागे घेता येतं. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ‘ऑल्टर’ तिथल्या तिथे कायम होतो आणि अर्धवट रचना हाताने निस्तरावी लागते.

दुसरं कारण मालकीचं. मायएसक्यूएलची कंपनी 2008 मध्ये सन या कंपनीने घेतली, 2010 मध्ये सनसकट ती ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबीची वेगळी वाट धरली होती. मायएसक्यूएलची मुक्त आवृत्ती आजही मिळते, पण तिची दिशा एक कंपनी ठरवते. पोस्टग्रेस अनेक कंपन्यांतले आणि स्वतंत्र डेव्हलपर मिळून घडवतात. तिथे विकत घ्यायला कुणी एक मालकच नाही. वर्षानुवर्षं टिकवायची माहिती ठेवताना मला हे वेगाच्या आकड्यांहून मोलाचं वाटतं.

पोस्टग्रेसचा खर्चही सांगायला हवा. प्रत्येक कनेक्शनला तो वेगळी प्रोसेस उघडतो, म्हणून गर्दी वाढली की पीजीबाउन्सरसारखा पूलर लागतो. अपडेट केलं की ओळीची नवी प्रत तयार होते आणि जुनी प्रत व्हॅक्यूमने साफ करावी लागते. हे काम आपोआप करणारा ऑटोव्हॅक्यूम कधीही बंद करू नये. उबरने 2016 मध्ये पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल घेतल्याची कारणं मांडली, त्यात लिहिण्याचा हा वाढीव भार होता. तुमचं काम तशा जातीचं असेल, तर आधी मोजून पाहा.

म्हणून चालती सिस्टिम उपटून पोस्टग्रेसवर न्या, असं मी कुणाला सांगत नाही. पुढचं नवं काम मात्र त्यावर सुरू करा. नॉट नल, फॉरेन की, चेक हे नियम पहिल्याच दिवशी टेबलात लिहा. क्वेरी हळू वाटली, तर इंडेक्स वाढवण्याआधी ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ वाचायला शिका. सुरुवातीला हा डेटाबेस तुम्हाला वारंवार अडवेल. तेव्हा नियम सैल करू नका, एरर नीट वाचा. तुमच्या कोडमधली चूक ग्राहकाच्या नोंदीत उतरण्याआधीच ही एरर तुम्हाला दाखवत असते.