पार्श्वभूमी किती स्पष्ट असावी?

प्रिय वसुधाताई,


इतिहासाच्या तासाला सगळं सारखंच स्पष्ट दिसायला हवं, एकाच मुद्द्यावर नजर खिळवली की मुलांना अर्धवट इतिहास मिळतो, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कॅमेऱ्याकडे पाहा: त्याची लेन्स नेमकी एकाच अंतरावर फोकस होते. त्या अंतराच्या मागेपुढे जेवढा पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो, ती डेप्थ ऑफ फील्ड. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) लहान केलं की ती वाढते, पण प्रकाश घटतो. एफ/२ वरून लहान छिद्राच्या एफ/१६ वर गेलं, तर शटर ६४ पट जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. वर्गातला प्रकाश म्हणजे वेळ आणि मुलांचं पूर्वज्ञान. ही दोन्ही नसताना सगळंच दाखवू गेलं, तर चित्र काळं येतं.

पुरंदरचा तह घ्या. १६६५ साली २३ किल्ले मोगलांना गेले, १२ शिवाजी महाराजांकडे राहिले. देताना काय राखलं, हा प्रश्न आधी मनात पक्का बसू द्यावा. विजापूर तेव्हा धूसर असावं, पण असावं. विजापूरविरुद्ध मोगलांना मदत करायची, हेही तहात ठरलं होतं. एवढं एक वाक्य आलं तरी मागे तिसरी सत्ता उभी आहे हे मुलांना कळतं. परीक्षेपुरतं शिकवणारे पार्श्वभूमी धूसर करत नाहीत, पुसून टाकतात. तुमचा राग त्यांच्यावर असेल, तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

कुठे पाहायचं हे शिक्षकानेच का ठरवावं, हा आक्षेप जास्त वजनदार. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांना ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटातली खोलवर स्पष्ट दृश्यं याचसाठी मोलाची वाटली: नजर कुठे न्यायची याची मोकळीक प्रेक्षकाला मिळते. पण त्यासाठी छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांना प्रखर दिवे आणि वेगवान फिल्म लागली. शिवाय आई कागदांवर सही करते त्या दृश्यात बर्फात खेळणारा मुलगा खिडकीच्या चौकटीत बरोबर बसवलेला आहे. मोकळीक आहे, तशी योजनाही आहे. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातूनही हेच दिसतं, की नवशिक्याला नेमकं मार्गदर्शन लागतं आणि जाणकाराला तेच अडचणीचं ठरू शकतं.

म्हणून सातवीत तुमचं ऐकावं. ती मुलं चौथीत शिवचरित्र वाचून आलेली असतात. दिल्ली, विजापूर, पुरंदर एकाच फळ्यावर मांडून दुवे त्यांनाच शोधू द्यावेत. चौथीत मात्र इतक्यात नको.

तुमची,
मालती