धरतो, पण सोडत नाही

२५ जुलै २०२४च्या पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, आणि पुढचे कित्येक आठवडे माझ्या गॅरेजातून चिखलाचा वास हटला नाही. इंजिनात पाणी गेलेल्या गाड्या लगेच आल्या. ब्रेक चिकटलेल्या मात्र सप्टेंबरात यायला लागल्या. गाळाला घाई नसते.

त्यातलेच एक काका. "ॲव्हरेज पडलंय, कार्ब्युरेटर बघा."

मी पुढच्या डिस्कजवळ तळहात नेला. लावला नाही, एकदा लावला होता, खूण अजून आहे. धग चांगलीच जाणवली. डबल स्टँडवर मागून दाबून पुढचं चाक उचललं आणि फिरवलं, तर पाव फेऱ्यात थांबलं.

"अहो, महिन्यापूर्वीच नवे पॅड टाकलेत."

टाकणारच. पॅड बदलायला वीस मिनिटं पुरतात. आधीचा का झिजला ते शोधायला दुपार जाते, आणि दुपारचे पैसे मागितले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरात पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. ते काम रबराचं एक सील करतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळलं जातं, सोडला की पीळ सुटताना पिस्टनला केसभर मागे आणतं. सगळा खेळ त्या केसभर जागेचा.

आठ नंबरचा पाना लावून कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल जरासं ढिलं केलं. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं असतं, तर दाब वर अडकलाय असं समजायचं: मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परतायचं बारीक छिद्र बुजलेलं, नाहीतर होज आतून सुजलेला. इथे दोन थेंब आले आणि चाक जडच राहिलं. म्हणजे कॅलिपर.

खोलला. सीलच्या खाचेत गाळ आणि पांढरा क्षार साचून सील पिस्टनवर आवळलं होतं. वर स्लायडिंग पिनांना कुणीतरी साधं ग्रीस चोपडलेलं. त्यानं रबर फुगून पिनाही जाम. तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. (सुरुवातीची काही वर्षं मीही हाताला येईल तेच लावायचो.) खाच लाकडी काडीनं कोरली, स्क्रूड्रायव्हरनं ओरखडा पडतो. नाना पेठेतून सील किट आणलं. जुनं ऑइल चहासारखं झालं होतं, तेही ओतून दिलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. सिंहगडाचा घाट चिकटलेल्या ब्रेकनं उतरणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

हवा काढली, लिव्हर कडक झाला. दाबला, सोडला, चाकाला हात दिला. पॅडची हलकी सरसर ऐकू येत होती, पण चाक फिरत राहिलं. काका मोठ्यानं फेरे मोजत होते. चाक थांबल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"ते ठीक आहे. पण कार्ब्युरेटर कधी बघताय?"