नाटकी

परवा एका इंग्रजी पुस्तकात 'हिस्ट्रिऑनिक्स' हा शब्द भेटला. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला, त्यामुळे इंग्रजी वाचताना शब्दकोश हाताशी असतोच. अर्थ निघाला: दुसऱ्यावर छाप पाडायला ओढूनताणून केलेला भावनांचा देखावा. म्हणजे आपलं 'नाटकं करू नकोस'. इथे साताऱ्याकडे म्हणतात, 'लई सोंगं करतंय!'

मूळ लॅटिन 'हिस्ट्रिओ' म्हणजे मात्र नुसता नट. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो, की इ. स. पूर्व ३६४ च्या सुमारास रोममध्ये साथ आली आणि काही केल्या हटेना. तेव्हा देवांचा कोप शमावा म्हणून शेजारच्या इट्रुरियातून बासरीवर नाचणारे खेळे बोलावले. त्यांच्या भाषेत खेळ्याला 'इस्टर' म्हणत, त्यावरून हा शब्द. म्हणजे संकटात बोलावून आणलेला माणूस! पुढे त्याच रोमने नटाला हलका ठरवलं, अधिकाराची पदंही त्याला बंद केली. 'हिपोक्रिट'चं तेच. ग्रीकमध्ये बिचारा साधा नट होता, इंग्रजीत येईतो ढोंगी झाला.

मी मूळचा सांगलीचा, म्हणून हे जरा जास्तच लागलं. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते तिथेच. भाव्यांच्या नावाचं गौरवपदक रंगकर्मींना देतात तेही तिथेच. पण त्या गावातसुद्धा एखाद्याला 'नाटकी' म्हणणं ही शिवीच.

आमचे थोरले बंधू, अण्णा, हौशी नाटकांत काम करायचे. आवाज खणखणीत. वडील गेले तेव्हा ते मोठ्याने रडले. जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "इथंही नाटक!" अण्णांनी ते ऐकलं. रंगमंचावर रडायला त्यांना ग्लिसरीन लागत नसे, हे मी विंगेतून पाहिलेलं आहे. आणि खरं सांगतो, घरातलं ते रडणं अगदी तसंच होतं. दुसरं कुठून आणणार? माणसाला गळा एकच असतो.

नाटकं त्यांनी सोडली नाहीत. पण पुढे आई गेली, तेव्हा ते मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्यापाशी एकटेच उभे होते, तोंडावर उपरणं दाबून.