पाडवा ते दसरा

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गुढीपाडव्याच्या मागेपुढे आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या परतू लागतात. ट्रॉल्यांमधून बाया, लेकरं, भांडीकुंडी, कोंबड्या, एखादी शेळी असं सगळं गावात उतरतं. पुढच्या दोन-चार दिवसांत माझ्या दवाखान्यातली बाकडी भरतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दसऱ्यानंतर गावं रिकामी होतात, तेव्हा माझ्याकडे येतात ते मागे राहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या, गुडघे धरून. पाडव्यानंतर येतात ते तिशी-चाळिशीतले नवरा-बायको, कंबर धरून.

दुखणं सांगण्याची इथली पद्धत मला आता पाठ झाली आहे. कुणाला उसण भरलेली असते, कुणाची नस दबलेली असते, कुणाच्या मणक्यात ‘गॅप’ पडलेला असतो. अनेकजण आधी गावातल्या पायाळू माणसाच्या लाथा कमरेवर घेऊन आलेले असतात. स्नायू नुसता आखडलेला असेल तर तो आपोआपही सुटतो आणि श्रेय लाथेला जातं. पण ठिसूळ झालेल्या मणक्यावर अशी लाथ बसली तर मणका दबू शकतो, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

ऊसतोडीचं काम शरीराला नेमकं काय करतं, ते बघायला मी एकदा सोलापूर जिल्ह्यातल्या एका फडावर गेले होते. अजून उजाडलं नव्हतं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. म्हणजे दर घावाला कंबरेतून पूर्ण वाकायचं, वाकलेल्या अवस्थेतच अंग वळवून ऊस बाजूला टाकायचा, वाढं छाटायचं. वाकणं आणि पिळणं एकाच वेळी झालं की मणक्यांमधल्या गादीवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि तो येतो खालच्या दोन गाद्यांवर. कोयता चालवून उजव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकते, अंगठ्याच्या मुळाशी सूज येते. मग मोळी. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा मान, गुडघे आणि घोटे या तिन्हींची परीक्षा असते. हे उरकून ती कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर येते आणि चूल, पाणी, लेकरं तिची वाट बघत असतात. नवऱ्याच्या आणि तिच्या कमरेत फरक पडतो तो इथे.

एक बाई माझ्या चांगल्या लक्षात आहेत. वय पस्तिशीच्या पुढे. हातात कॅरीबॅग, तिच्यात घडी घालून ठेवलेली एमआरआयची फिल्म. उजव्या पायात कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जायची. “ताई, पायाला मुंग्या यायल्यात, रात्रभर डोळा लागना,” त्या म्हणाल्या. त्यांना एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं होतं. नवरा दाराशीच उभा होता. त्याने दीड एकर कोरडवाहू रानातलं अर्धं विकायचा हिशेब मनात मांडून ठेवला होता.

फिल्म बघण्याआधी मी बाईंना तपासलं. आडवं झोपवून पाय सरळ वर उचलला, किती उचलल्यावर कळ जाते ते पाहिलं. पायांचे दोन्ही अंगठे माझ्या बोटांविरुद्ध वर ओढायला लावले. जोर सारखाच होता. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. कापसाने पावलांवरची जाणीव तपासली. लघवी-संडासवर ताबा आहे ना, ते विचारलं. नस चिडलेली होती, पण तिने काम सोडलेलं नव्हतं. आणि गादी थोडी सरकलेली किंवा फुगलेली तर ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते. फिल्ममधलं चित्र आणि माणसाचं दुखणं जुळतं का, हे हाताने तपासल्याशिवाय कळत नाही.

मग मी त्यांना चटईवर पालथं झोपवलं. काही वेळाने कोपरांवर टेकून छाती उचलायला सांगितली, मग हात सरळ करून, कंबर सैल सोडून. असं पुन्हापुन्हा केल्यावर त्या थांबल्या आणि घाबरून म्हणाल्या, “पोटरीतली कळ वर आली की ओ, कमरेतच बसली. बिघडलं का काही?” मला हेच हवं होतं. पायात उतरलेलं दुखणं कमरेकडे मागे सरकणं हे बहुतेक वेळा सुधारणेचं लक्षण असतं. हाच व्यायाम त्यांनी घरी दिवसातून अनेकदा करायचा ठरला. ऑपरेशनचा निर्णय काही आठवडे थांबवला तर चालेल का, हे मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. डॉक्टर हो म्हणाले. अशा बहुतेक रुग्णांची कळ ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत उतरते, त्यांचीही उतरली.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. बाई आधीच म्हणाल्या होत्या, “आराम करा म्हणून सांगू नका ताई. उचल घेतलीय.” पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून कित्येक महिने आधीच घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण आजारी पडला तरी दोघांचा खाडा आणि वर दंड. अशा माणसाला ‘वजन उचलू नका’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. शिवाय पाठीसाठी एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला आता वैद्यकशास्त्रही देत नाही. पडून राहिलं की स्नायू उतरतात, आणि उतरलेल्या स्नायूंनिशी फडात गेलं की कंबर पहिल्याच आठवड्यात पुन्हा धरते.

म्हणून आम्ही उलट दिशेने निघालो. पाडवा ते दसरा हे सहा महिने कंबर तयार करायचे. अंगणात कडब्याच्या पेंढ्या होत्याच. कंबर न वाकवता कुल्ले मागे नेऊन खुब्यातून कसं वाकायचं, पेंढी अंगालगत ठेवून गुडघ्यांच्या जोरावर कसं उठायचं, ते त्या शिकल्या. आधी पाच किलो ज्वारीची पिशवी, मग दहा, मग पंधरा, दर पंधरवड्याला थोडं वाढवत. उताणं झोपून कुल्ले उचलणं, हात-पायांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांबवणं, हे रोज. नवऱ्यालाही मी समोर बसवलं, कारण मोळी डोक्यावर द्यायला दुसरा माणूस लागतो आणि तो नीट देतो की झटक्याने, यावर तिची मान अवलंबून असते. मोळी थोडी लहान बांधायची. फेऱ्या वाढल्या तरी चालतील. कोयत्याच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, म्हणजे मूठ जाड होते, हाताला पकडायला कमी जोर लागतो आणि कोपर कमी दुखतं. दसऱ्यानंतर त्या गेल्या. पुढच्या पाडव्याला आल्या तेव्हा कंबर दुखत होती, पण पायात कळ नव्हती आणि रान शाबूत होतं. हे संपूर्ण यश नाही, मला माहीत आहे. तोडीचं ओझं तेवढंच असताना यापेक्षा जास्त कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही.

प्रत्येक बाईला मी एक प्रश्न न चुकता विचारते: “पिशवी काढलीय का?” २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. हा विषय गाजल्यावर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. त्या आकड्यातल्या अनेकजणी आज माझ्या बाकड्यावर बसलेल्या असतात. कित्येकींनी कंबर दुखते म्हणूनच पिशवी काढलेली असते, आणि पिशवी गेल्यावरही कंबर तशीच दुखते, कारण दुखणं मुळात पाठीच्या स्नायूंचं होतं. पोटावरचा टाका पुरता भरायच्या आत त्या मोळी उचलायला गेलेल्या असतात, त्यामुळे पोटाचे स्नायू सैल आणि पाठीवरचा भार वाढलेला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचे परिणाम तिशीतच सुरू होतात आणि हाडं वेळेआधी विरळ होऊ लागतात. अशा बाईला मी व्यायामाबरोबर हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायला पाठवते. तिला नुसता कमरपट्टा देऊन घरी धाडणं हा अन्याय आहे.

दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. फडात दुखलं की गोळी, गोळीने भागलं नाही की इंजेक्शन, हा रिवाज पडला आहे. वेदनाशामक गोळ्या दोन-चार दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणं वेगळं. घामाने अंगातलं पाणी आटलेलं असताना महिनोन्महिने त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडं खराब होतात, पोटात जखमा होतात. ‘सांधेदुखीची जादूची पुडी’ म्हणून जे बाजारात मिळतं, त्यात कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आठ दिवसांत माणूस पळायला लागतो, आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पुडी किती गुणकारी आहे हे सांगणाऱ्याला तिच्यात काय आहे हे जरूर विचारा.

पण व्यायामाच्या नादात वेळ घालवायचा नाही अशीही दुखणी असतात, आणि ती ओळखणं हे माझ्या कामातलं सगळ्यात मोठं काम. एक तरुण संध्याकाळी आला. पाय घासटत होता, पाऊल वर उचलत नव्हतं. “सकाळपासून लघवी झाली नाही,” असं त्याने सहज म्हणून सांगितलं. बसण्याच्या जागेवर बधिरपणा होता. मी त्याला चटईवर घेतलंच नाही. गाडी बोलावून तडक अंबाजोगाईला पाठवलं. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून जवळ आहे, हे या डोंगराळ भागाचं भाग्य. ग्रामीण भागासाठी उभं राहिलेलं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. त्या तरुणाचं ऑपरेशन वेळेत झालं आणि नंतरचे कित्येक महिने तो माझ्याकडे चालायला शिकत होता. पाठदुखीबरोबर लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पाय लुळा पडणं, ताप आणि वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असलं तर आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, आणि तो मालिश करून बरा होत नाही.

मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचंही थोडं सांगते. “वाटी झिजली, वंगण संपलं, आता काय व्हायचं,” म्हणत ते येतात. झिजलेला गुडघा व्यायामाने नवा होत नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की तोच गुडघा पुष्कळ कमी दुखतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. रोज, दोन्ही पाय. अंगाचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. साखरेच्या आजारात खांदा आखडतो. तो सुटायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. भिंतीवर बोटं चढवत राहायचं आणि धीर सोडायचा नाही.

हंगामाला निघण्याआधी आमच्याकडे बैलांना पत्र्या मारतात, गाडीचे टायर बघतात, कोयत्याला धार लावतात. माणसाची कंबर, गुडघे, खांदे मात्र कुणी बघत नाही. ऊसतोड महिलांच्या तपासणीची शिबिरं २०१९ नंतर भरू लागली आहेत, ही चांगली गोष्ट. पण तिथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिलं जातं. बाईला वाकून उठायला सांगून पाहणारं कुणी नसतं. त्या तपासणीत फिजिओथेरपिस्टची दहा मिनिटं असावीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस तरी हे उपचार मिळावेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, साखर कारखाने आणि जिल्हा परिषद यांनी मिळून मोळीच्या वजनाला मर्यादा घालावी. यासाठी फार पैसा लागत नाही.

आणि तुमच्या घरातून कुणी तोडीला जात असेल, तर माझं एवढं ऐका. दुखणं अंगात घेऊन दसऱ्यापर्यंत थांबू नका. पाडव्यालाच या. बरं व्हायला शरीराला महिने लागतात, आणि ते महिने तुमच्या हातात याच काळात असतात.